दर दहा सेकंदांनी

"सरासरी काय बघत बसलीस? उसळी बघ, उसळी!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून मास्तर म्हणाले.

तंत्रज्ञ बाई दचकली. "बाप रे! मला वाटलं, तुम्ही झोपलात."

साडेअकरा वाजले होते. अकराच्या ठोक्याला तिने चाचणीखोलीचं पोलादी दार लावून घेतलं होतं. आता बाहेरची एकही रेडिओलहर आत येणार नव्हती, की आतली बाहेर जाणार नव्हती. तिला हे काम शिकवणारे मास्तर कधीच निवृत्त झाले होते. आज तिच्या आग्रहाखातर तीन जिने चढून आले, धापा टाकत खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. आता मात्र आवाज कसा खणखणीत होता!

टेबलावर नाण्याएवढं यंत्र होतं. छातीत बसवायचं. हृदय अडखळलं की ते सावरतं, आणि थांबलंच तर रेडिओवरून मदतीची हाक मारतं. असलंच एक उद्या तिच्या आईच्या छातीत बसणार होतं. पण या खेपेतली यंत्रं हृदय धडधाकट चालू असतानाही हाका मारतात, अशी कुणकुण होती. तसं निघालं तर ऑपरेशन रद्द. आणि आईकडे थांबायला वेळ नव्हता.

यंत्राला खोटे ठोके पुरवणारी पेटी जोडली होती. म्हणजे हृदय ठीक चाललंय असं समजून त्याने तोंड उघडता कामा नये. रेडिओलहरी मोजणाऱ्या मीटरवरची सरासरी शक्ती शून्याला टेकली होती.

"गप्पच आहे की, मास्तर."

"अगं, हाक असते केवढी? सेकंदाचा हजारावा भाग. मग दहा सेकंद चिडीचूप. दिवसभर गप्प बसून एकदाच किंचाळणाऱ्या माणसाची सरासरी काढलीस, तर तो शांतच ठरणार. इतकी वर्षं काय गवत उपटायला शिकवलं मी तुला?"

ती ओशाळली. मीटर उसळीवर लावून पडद्याकडे बघत राहिली. सात, आठ, नऊ. झटकन एक उंच रेघ उठली आणि विरली. दहा सेकंदांनी पुन्हा उठली.

"मेल्या, आजच बोंबलायचं होतं तुला?" ती यंत्रावरच खेकसली. आईला आता काय सांगायचं? तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? आधी त्याची बॅटरी काढ."

तिने काढली. दहा सेकंदांनी रेघ उठलीच. तेवढीच उंच.

क्षणभर तिला काही उमजेना. मग तिने लहान मुलीसारखी टाळी पिटली. "मास्तर, हे बोंबलतच नाहीये! हे निर्दोष आहे! उद्या आईचं ऑपरेशन होणार!"

"झालं तर मग. कर सही आणि जा तिच्याकडे."

पण सही करायला तिचा हात धजेना. मोबाईल, मनगटी घड्याळ, सगळं तिने बाहेरच्या कपाटात ठेवलं होतं. मग या बंद खोलीत हाक मारतंय कोण? तिने लांब वायरची अँटेना हातात घेतली. दारापाशी रेघ बुटकी झाली. टेबलापाशी जेमतेम. ती कोपऱ्याकडे वळली, तशी रेघ चढत गेली.

"मास्तर, खिशात काय लपवलंय? थट्टा करायची खोड काही जात नाही तुमची!"

"खिशात काही नाही गं." मास्तर हसले. "एवढी खोलात शिरलीस, तर हाकेत काय लिहिलंय तेही वाच."

ती संगणकापाशी गेली. लहरीतले आकडे उलगडत उलगडत पडद्यावर अक्षरं उमटली. सात वर्षांपूर्वी बसवलेलं, जुन्या बनावटीचं यंत्र. रुग्णाच्या रकान्यात मास्तरांचं नाव. आपल्या छातीत असलं काही आहे हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

खाली एकच ओळ होती. हृदयाचा शेवटचा ठोका: अकरा वाजून बारा मिनिटं.

बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"दार उघड आता, पोरी," तिच्या पाठीमागून मास्तर म्हणाले. "माझी हाक अजून आतच अडकलीय."