सामाईक

हीनाचं लग्न झालं ते २००२ साल. मांडवातल्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या. त्यातल्या आठ तिच्या थोरल्या बहिणीने, यास्मिनने, भोरमधल्या घराच्या माडीवर नेऊन मांडल्या होत्या. आठ मुलींच्या संगणक वर्गासाठी. मे महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि यास्मिन त्या आठांतली पाच नावं खोडायला बसली होती.

माडीवर चांगला संगणक एकच. त्यावर लिनक्स चालायचं. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेले आठ संगणक वायरीने त्याला जोडले होते. त्यांच्यात स्वतःचं काही नव्हतं, नुसता पडदा आणि कळफलक. आठही जणींचं काम त्या एकट्याच्या मेमरीत व्हायचं. मेमरी भरली की तो अडकायचा आणि केलेलं सगळं जायचं. म्हणून यास्मिनने आधी भोरमधल्या तिघींना बसवून पाहिलं. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम प्रत्येकीच्या नावावर चोवीस एमबी दाखवत होता. वापरायला मेमरी होती अठ्ठ्याऐंशी. तिघींचे झाले बहात्तर. चौथी बसली की शहाण्णव. चौथीला जागा नव्हती.

उरलेल्या पाचजणी वेल्ह्याकडच्या, बाहेर जिन्यात थांबल्या होत्या. त्यातली अश्लेषा दोन एसट्या बदलून मार्गासनीहून आली होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, जागा मिळाली तर शीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. ती दाराशीच उभी राहिली. तिची आजी ठकुबाई मात्र मांडवातल्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. मांडीवर गाठोडं होतं.

"आजी, हिला परत न्या. पुढच्या वर्षी बघू," यास्मिन म्हणाली.

"पुढल्या वर्षी हिचं पोर घिऊन यीन," ठकुबाई म्हणाल्या. "त्यो तुज्या हातातला कागुद बघू."

साठीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्यापासून हाती येईल तो कागद त्या वाचायच्या. बोट ठेवून, सावकाश. या कागदावर तीन नावं होती आणि नावांपुढे दोन रकाने. पहिल्यात चोवीस, चोवीस, चोवीस. दुसऱ्यात अठरा, अठरा, अठरा. पडद्यावर दिसले तसे आकडे यास्मिनने उतरवून घेतले होते. दुसऱ्या रकान्याच्या इंग्रजी नावाचं मराठी करून तिने 'सामाईक' लिहिलं होतं. त्या शब्दाशी ठकुबाईंचं बोट थांबलं. तो त्यांनी सातबाऱ्यावर वाचलेला होता, विहिरीपुढे.

"ह्ये अठरा कुणाचं?"

"प्रोग्रॅमचं. सगळ्याजणी मिळून वापरतात तो भाग."

"एकच हाय?"

"हो, एकच."

"मग तीन येळा का धरला?"

यास्मिन कागदावर वाकली.

"माजी तीन पोरं, तीन गावांत," ठकुबाई म्हणाल्या. "म्या एकेकाकडं चार महिनं असती. सरकारची घरोघर पाहणी झाली तवा मार्गासनीत थोरल्यानं मला आपल्या घरात लिवलं, शिवऱ्यात मधल्यानं, भाटघरला धाकट्यानं. कागदावर म्या तीन हाय. जेवती एकाच तोंडानं."

यास्मिनचे वडील याकूब चहा घेऊन वर आले होते. त्यांनी विचारलं, "मग मावशी, आज तुमी कुणाच्यात?"

"थोरल्याची पाळी आज सकाळच्या च्याबरूबर सुटली. मधल्याची उद्या लागती. आज जो च्या पाजंल त्याची."

"घ्या मग. आमच्याबी घरात लिवतो तुमाला."

"लिव. चार व्हतील."

याकूब हसले. यास्मिन हिशेबात होती. चोवीसातले अठरा सामाईक. म्हणजे प्रत्येकीचे स्वतःचे फक्त सहा. आठ जणींचे अठ्ठेचाळीस, आणि अठरा एकदाच. सहासष्ट. मग तिने शिल्लक मेमरीचा आकडा पाहिला. आतापर्यंत तो तिने पाहिलाच नव्हता, आपल्या बेरजेवर भरवसा ठेवला होता. बेरजेप्रमाणे सोळा उरायला हवे होते. उरले होते बावन्न.

तिने अश्लेषाला चौथ्या खुर्चीवर बसवलं आणि प्रोग्रॅम सुरू केला. शिल्लक सहानेच उतरली. मग पाचवी बसली, सहावी, सातवी. आठव्या वेळी यास्मिनचं बोट कळीवर जरा थांबलं. संगणक अडकला नाही. बावीस उरले होते.

तिने खोडलेली नावं पुन्हा लिहिली. ठकुबाईंनी बशीतला चहा संपवला, गाठोडं उचललं आणि शिवऱ्याच्या गाडीची वेळ विचारली.

दिवाळीनंतर अश्लेषासाठी कुणी स्थळं पाहिली नाहीत. दोन वर्षांनी ती भोरमध्येच एका वकिलाकडे टायपिंग करत होती. आजीच्या मृत्यूची नोंद करायचा अर्ज तिनेच टाइप केला. आणखी दोन अर्ज केले, शिवरे आणि भाटघरच्या पाहणीच्या याद्यांतून आजीचं नाव कमी करण्याचे. नोंदीच्या अर्जात एक रकाना होता, मृत्यू कोणाच्या घरी झाला. तिने वडिलांना विचारलं. वडिलांनी बोटांवर पाळ्या मोजल्या. तिने रकाना रिकामा ठेवला आणि त्याच्या खाली जागा दिली होती तिथे हकिगत लिहिली.

ठकुबाई ३१ मे २००४ रोजी दुपारी मार्गासनीच्या एसटी थांब्यावर वारल्या. गाठोडं मांडीवर होतं. थोरल्याची पाळी सकाळी सुटली होती. मधल्याची दुसऱ्या दिवशी लागायची होती.