पैलवानाची छाती

जत्रेच्या कुस्तीला दोन महिने उरले होते आणि जोतिराम पैलवानाला शर्ट काढायचीच लाज वाटत होती.

"लंगोट लावून आखाड्यात उतरायचं, अन् छाती ही अशी, बाईमाणसासारखी. कापून टाका, मॅडम."

डॉक्टर केसकरांनी छाती दाबून पाहिली. "दोन वर्षांपूर्वी तासाभरात काढली असती. आता परवानगी नाही."

"माझ्या अंगाला कुणाची परवानगी?"

समोरच्या प्रसूती विभागातून बाळांचं क्षीण रडणं येत होतं. दोन वर्षांत राज्यातल्या एकाही बाईला पान्हा फुटला नव्हता आणि पावडरचं दूध बाळांच्या पोटात ठरत नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. पांढरा थेंब आला. त्यांनी तो पुसला नाही, खाली वाटी धरली.

जोतिराम दचकून उठला. खुंटीवरचा शर्ट कुणीतरी नेला होता. दाराला बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

"घाबरू नका, पैलवान," म्हणत पाठीमागे उभ्या असलेल्या सिस्टरनं त्याच्या मनगटाला बाळंतिणींचा पट्टा बांधला. त्यावर 'आई' या छापील शब्दापुढे त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. 'बाळ' या शब्दापुढे सहा पाळण्यांचे नंबर होते.