पंखा कशावर चालत होता?

“काका, ही इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे,” वायरमन म्हणाला. “आजची नाही. निदान वर्ष झालं असेल.”

थोरल्याने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. काल संध्याकाळी तीन तास लाईट नव्हती आणि तीन तास पंखा थोरल्याच्या डोक्यावर गरगरत होता. मेलेली बॅटरी पंखा फिरवते होय?

“नीट बघा जरा.”

वायरमनने नीट बघितलं. झाकणं उघडून दाखवली. आत पाण्याचा टिपूस नव्हता. चार्जर लावला, मीटरचा काटा ढिम्म हलेना. थोरल्याचं डोकं चक्रावलं. बॅटरी कोरडी ठणठणीत आणि पंखा चालू. देव पावला म्हणावं, तर हा देवापुढे कधी हात न जोडणारा माणूस.

वायरमनला नवा इन्व्हर्टर बसवायला बोलावलं होतं. खरं तर त्याची काही नड नव्हती. जुन्यावर दोन दिवे नि एक पंखा बिनतक्रार चालत होता. पण टीव्ही चालत नव्हता. लाईट गेल्यावरही टीव्ही चालला पाहिजे आणि त्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला पाहिजे, हा थोरल्याचा हट्ट. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहायचा. वडिलांच्या घराची वाटणी होताना एका कपाटावरून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. चार वर्षं बोलणं बंद.

संध्याकाळी लाईट गेली की थोरला मुद्दाम अंगणात यायचा. आधी आपल्या खिडकीतला उजेड बघायचा, मग धाकट्याच्या काळोख्या खिडक्या. “त्यानेही इन्व्हर्टर घेतलाय म्हणे. शोभेला ठेवलाय वाटतं,” असं बायकोला ऐकवून तो आत यायचा आणि पंख्याखाली पाय पसरायचा. त्या दिवशी त्याला जेवण दोन घास जास्त जायचं. बायको खाली मान घालून वाढायची.

वायरमन स्टुलावर चढला, माळ्यावर डोकं घालून बराच वेळ चाचपत राहिला.

“काका, तुमच्या इन्व्हर्टरला काही जोडलेलंच नाही. दिवे, पंखा, सगळं ह्या काळ्या वायरवर आहे.”

काळी वायर जुन्या गाद्यांच्या मागून गेली होती आणि भिंतीच्या भोकातून पलीकडे उतरली होती. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे माझी लाईट चोरतोय तो.”

“उलटं आहे, काका. करंट तिकडून इकडे येतोय.”

थोरल्याला काही उमजेना. त्याने वायरीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग बायकोकडे. ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडे झाले तरी पुसतच होती.

“तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची आहे ती,” ती म्हणाली. “बॅटरी बसली होती. डोळ्याला पट्टी, अंगाची लाही, तुम्ही नुसते तळमळत होतात. मी भावजींना सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी ओढली वायर. दादाला कळता कामा नये म्हणाले, नाहीतर तो उकाड्यात बसेल पण पंखा लावणार नाही.”

थोरल्याला लाज वाटली. धाकट्याने त्याला बरोबर ओळखलं होतं, ह्याचीच जास्त वाटली. पण डोक्यातला गुंता काही सुटेना. कालच्या संध्याकाळपर्यंत धाकट्याच्या त्या काळोख्या खिडक्या त्याने ह्याच डोळ्यांनी बघितल्या होत्या.

“काढून टाकू का ही वायर?” वायरमनने पक्कड हातात घेत विचारलं.

“थांबा हो जरा,” थोरला म्हणाला, आणि बायकोकडे वळला. “त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, मग त्याच्या घरात काळोख का असतो?”

“त्यांचा लहान आहे,” बायको म्हणाली. “एकाच घराला पुरतो.”