हुबेहूब मालक

“आजपासून या कारखान्यात निर्णय घ्यायला माणूस लागणार नाही!” असं गर्जत मालकांनी टेबलावर मूठ आपटली आणि चहा सांडला. तो पुसायला मात्र माणूस लागला. नव्या यंत्राला त्यांनी आपल्या आजवरच्या बैठका आणि फोनवरचं बोलणं ऐकवलं होतं. आता ते हुबेहूब त्यांच्यासारखा विचार करणार होतं. पहिलाच प्रश्न जिवावरचा: बूट शिवणारा विभाग बंद करायचा का? तिथल्या मुकादमबाई दाराशी श्वास रोखून उभ्या होत्या. यंत्र थेट मालकांच्या आवाजात म्हणालं, “सगळं ऐकून घेतलं. घरी हिला विचारून उद्या सांगतो.” मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी उभी असलेली त्यांची लेक म्हणाली, “बाबा, अगदी तुमच्यासारखंच आहे हो!” मालकांनी पुन्हापुन्हा विचारलं, यंत्र हटेना. शेवटी घरी फोन लावून ते पडेल आवाजात म्हणाले, “अगं, जरा याच्याशी बोलतेस का?”