आधी ब्रेक

नेमेसियो पत्रेवाल्याने बॉनेटला हात घातला तसा एवेलियो मध्ये आला.

"थांब रे, आधी बाहेरचं तर ठरव," तो घाईघाईने म्हणाला.

नेमेसियोने खिशातून खडू काढला. एवेलियोच्या छप्पन सालच्या शेवरले गाडीचं नाक बेकरीच्या भिंतीवर आपटून पार आत गेलं होतं. डावा मडगार्ड ठोकून सरळ करू, जाळी मेव्हण्याकडून मागवू, दिवा रशियन गाडीचा बसवू, असं म्हणत तो खुणा करत चालला. एवेलियो प्रत्येक खुणेला मान डोलावत होता. बाहेरचं काम लांबेल तितकं बरं, असं झालं होतं त्याला.

उंबऱ्यावर त्याची मुलगी यामिला बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके, मळके केस कसेबसे वर बांधलेले. बंदराकडच्या उतारावर गाडी सुटली तेव्हा तीच चालवत होती. खाली बाजार भरलेला. तिने गाडी भिंतीवर घातली म्हणून माणसं वाचली. ब्रेकवरून माझाच पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं आणि आता या गाडीत बसणार नाही म्हणून जाहीर केलं होतं. कोपऱ्यावर डोमिनो खेळणारे रिकामटेकडे तिला येताजाता टोमणे मारायचे. एवेलियो ते ऐकायचा आणि अवाक्षर काढायचा नाही.

काढणार कुठल्या तोंडाने? ब्रेक ऑइल अख्ख्या मातान्झास शहरात औषधालाही मिळत नव्हतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी त्याने ब्रेक ऑइलच्या डबीत त्याऐवजी शाम्पू ओतला होता. सगळेच ओततात, चार दिवस निभावतं. मुलीला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, ती चिडेल म्हणून त्यानेच सांगितलं नाही. आता डबीचं झाकण निघालं की फेस दिसणार. बापानेच आपल्याला मरणाच्या दारात ढकललं, हे कळलं तर ती पुन्हा त्याचं तोंडही बघायची नाही.

"चल, आता ब्रेक बघू," नेमेसियो म्हणाला.

"ब्रेक ठणठणीत आहेत."

"मग पोरीचाच पाय वाकडा म्हणायचा." नेमेसियो हसला. "हिला पुन्हा चावी देऊ नकोस बाबा. बसने जा म्हणावं."

यामिलाने मान खाली घातली. प्लास्टरच्या कडेचा धागा उपटत राहिली. तिची ती खाली घातलेली मान एवेलियोला बघवेना.

"आधी ब्रेक घे, नेमेसियो," तो म्हणाला. "त्यात शाम्पू आहे. मी ओतला. तिचा पाय घसरला नव्हता."

नेमेसियोचा खडू जागच्या जागी थांबला. मुलीकडे बघायचा धीर एवेलियोला होईना.

"ठाऊक आहे, पपा," यामिला म्हणाली. "दवाखान्यातून आले, डोकं धुवायला गेले, तर शाम्पूची बाटली रिकामी."

"मग पाय घसरला म्हणून का सांगत राहिलीस?"

"लोकांना काय सांगायचं ते सांगितलं. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."

ती उठली आणि धड असलेला हात तिने त्याच्यापुढे धरला.

"द्या ती चावी. आता बसेन मी गाडीत."