चिंचेच्या विहिरीतला गाळ

“कोनी उतरत नसन तर मी उतरतो,” सत्यभामाबाईंनी पदर खोचला. पारावर मिशांची वाण नव्हती, पण त्या क्षणी सगळ्या खाली झुकल्या.

प्रश्न चिंचेच्या विहिरीचा होता. जानेफळच्या शिवारात एवढे जिवंत झरे दुसऱ्या कुठल्या विहिरीला नव्हते. पण सत्यभामाबाईंची सून कोकिळा तिच्यात गेली, तेव्हापासून ते पाणी कोणी तोंडाला लावलं नव्हतं. काठावर तिची घागर तेवढी सापडली होती. भर पावसाळ्यातलं पाणी. गळ टाकून काही लागलं नाही. गाळात रुतली, म्हणाले, आणि घरी गेले. हाडं निघेपर्यंत विहीर बाटलेली, ही गावाची रीत. मग ती पाल्यानं, गाळानं भरत गेली.

यंदा बाकीच्या विहिरी आटल्या. बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं घागरी भरू लागल्या, आणि त्या पाण्यानं पटकी आली. नागपूरच्या सरकारनं विहिरीत टाकायचं लाल औषध मेहकरपर्यंत धाडलं. पण औषध टाकायला विहिरीत पाणी हवं ना!

“वयनी, तुमचीच सून होती,” रंगराव पाटील चाचरत म्हणाले. पटकीत त्यांचा नातू गेला होता. “धीर होईन तुमाले?”

“माही होती म्हणून मीच काढीन. लेकरं मरून राह्यली अन् तुमी भुताले भेता? पन हाडं निंघेपर्यंत दुसऱ्या कोनी आत पाय ठेवाचा नाई.”

त्यांचा मुलगा पुंजाजी उठला. “माय, तू काऊन? मी उतरतो.”

“तू नाई. जितेपनी तिच्या अंगाले हात लावला तेवढा पुरे झाला.”

पुंजाजी परत खाली बसला. तिचं ओरडणं साऱ्या आळीनं ऐकलं होतं. सोडवायला मात्र कोणी गेलं नव्हतं, आणि त्याची लाज आज सगळ्यांनाच वाटली.

मोटा जुंपून पाणी उपसलं. सत्यभामाबाई दोरानं खाली उतरल्या. फावड्यानं गाळ ओढायच्या, टोपलं भरलं की दोर हलवायच्या. तळहात सोलले, कंबर धरली, तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा उतरल्या. गडी वर टोपली ओतत राहिले.

अखेर एका दुपारी खालून हाक आली, “सापडली!”

त्या वर आल्या तेव्हा छातीशी लुगड्याच्या तुकड्याचं गाठोडं होतं. सगळ्यांनी हात जोडले. असल्या गाठोड्याची गाठ कोण सोडायला सांगणार?

मग मात्र अख्खा गाव विहिरीत उतरला. उरलेला गाळ निघाला, बुजलेले झरे पहारींनी मोकळे केले. दिवेलागणीला गुडघाभर नितळ पाणी होतं. पहिली ओंजळ रंगराव प्यायले आणि ढसाढसा रडले.

अस्थी लोणारच्या तीर्थाच्या धारेवर न्यायच्या ठरल्या. पुंजाजी गाडीत चढू लागला, तर सत्यभामाबाईंनी त्याला उतरवलं. वाहेद गाडीवानाला घेऊन त्या एकट्या निघाल्या.

धारेखाली एक बाई घागर भरत होती. सत्यभामाबाईंना पाहताच तिनं घागर टाकली आणि पाय धरले.

“आत्याबाई, इतक्या लांब कशा आल्या? अन् या गाठोड्यात काय हाय?”

“गोटे,” सत्यभामाबाई गाठोडं तिच्या हातात देत म्हणाल्या. “तुह्या अस्थी हायेत, कोकिळे. सोड तुह्याच हातानं.”