वाढप्यांची पंगत

"छबू, तू सांग. तुझा नवरा प्यालाय का न्हाई?"

गोजरबाईंनी हे सगळ्या गावासमोर विचारलं. शाळेच्या भिंतीला टेकून मच्छिंद्र बसला होता. त्याला दुसऱ्यांदा उलटी झाली होती. पलीकडे आणखी सहाजण पोट धरून पडले होते. दुपारपासून सगळं गाव जेवून उठलं. उलट्या होत होत्या त्या या सातजणांनाच. आणि सातही जण वर्षापूर्वी दारू सोडलेले.

जेवण त्यांच्यासाठीच होतं. वर्षापूर्वी बायकांनी ग्रामसभेत ठराव करून घेतला होता. गावात परवान्याचं देशी दारूचं दुकान नको आणि हातभट्टीही नको. भट्टीला नवसागर लागतो, म्हणून वाण्यानं तो विकायचा नाही असं ठरलं. कल्हईवाल्याच्या पेटीतही नवसागर असतो, म्हणून त्यालाही वेशीवरून परत पाठवलं. भट्ट्या विझल्या. वर्ष झालं तशी गोजरबाईंच्या दारूबंदी समितीनं मारुतीसमोर गावजेवण घातलं आणि या सातजणांना वाढपी केलं. तो मान होता.

"मान चांगला राखला पोरांनी," सरपंच आबासाहेब गोजरबाईंना म्हणाले. दुकानाचा परवाना त्यांच्या मेव्हण्याला हवा होता. "आक्का, पुढच्या सभेत ठराव मागं घ्या. ही चोरटी प्यायची अन् आतडी जाळायची, त्यापरीस दुकानातली बरी."

"वाढता वाढता तांब्यातनंच घेतली आसंल," कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले.

"न्हाई प्यालो," मच्छिंद्र म्हणाला. "आमटी-भाकर खाल्ली. बास."

"आमटी समद्यांनीच खाल्ली की," आसाराम वाणी म्हणाला. "आमाला कसं काय झालं न्हाई?"

मच्छिंद्रनं कमरेला हात लावला. पाण्याच्या टाकीची चावी त्याच्या करदोट्याला होती. ग्रामपंचायतीनं पाणी सोडायची ही नोकरी त्याला एका अटीवर दिली होती. प्यायला, तर चावी त्याच दिवशी परत. घरात दुसरी मिळकत नव्हती. आणि प्यायला की नाही, याबाबत समितीचा नियम होता: बायकोचा शब्द अखेरचा. तो नियम छबूबाईनंच सुचवला होता.

ती खाली वाकली. त्याच्या तोंडाचा वास घेतला. आंबूस होता. उलटीचाही तसाच येतो आणि भट्टीच्या दारूचाही. वर्षभर ती रोज त्याचा सदरा हुंगत आली होती. कणगीमागं, गोठ्यातल्या कडब्यात हात घालून पाहत आली होती. कधी काही सापडलं नव्हतं. तरी तिचा संशय कमी झाला नव्हता. तो आता नीट लपवतो, असं तिला वाटू लागलं होतं.

"प्यालाय," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं करदोट्याची चावी सोडवली आणि गोजरबाईंच्या हातावर ठेवली. मग भिंत धरून उठला.

"बायांची पंगत ऱ्हायलीय," तो म्हणाला. "वाढतो आन् जातो."

कुणी अडवलं नाही. बाकीचे वाढपी पडलेले होते आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका पहाटेपासून उपाशी होत्या. त्या बसल्या. पातेल्यात तळाची आमटी उरली होती. मच्छिंद्रनं ती पळीनं खरवडून वाढली. गोजरबाईंनी भाकरी कुस्करून दोनदा घेतली. छबूबाई पंगतीला बसली नाही.

भांडी घासायला घेईपर्यंत गोजरबाई ओट्याच्या कडेला वाकल्या होत्या. त्यांच्यामागून दुसरी बाई उठली, मग तिसरी.

आसारामनं मच्छिंद्रची गचांडी धरली. "काय घातलंस रं आमटीत?"

"पोलीस पाटलाला बोलवा," आबासाहेब ओरडले.

छबूबाई पातेल्यापाशी गेली. तिनं ते उजेडाकडे कलतं केलं आणि पळीनं बूड खरवडलं. पळीला हिरवट साय लागून आली.

हे गावाचं पितळी पातेलं. ते मारुतीच्या देवळात असायचं आणि गावजेवणालाच बाहेर निघायचं. दर वेळी आधी त्याला आतून कथलाची कल्हई व्हायची. यंदा कल्हईवालाच गावात आला नव्हता. चिंचेची आंबट आमटी पहाटेपासून उघड्या पितळेत होती आणि जितका वेळ गेला, तितकं पितळेचं विष तिच्यात उतरत गेलं. दुपारी जेवले ते सुटले. वाढपी सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि त्यांच्याही मागून स्वयंपाकाच्या बाया.

"कळकलीय," छबूबाई म्हणाली. तिनं पळी वर धरली. "आमटी कळकलीय."

आसारामचा हात सुटला. आबासाहेब आपल्या वहाणा शोधू लागले. गोजरबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"कल्हईवाल्याला आमीच हाकललं," त्या म्हणाल्या. "उंद्या मानूस धाडून त्याला आना. नवसागर वापरू द्या, माझ्या डोळ्यांम्होरं. आन् सरपंच, जाताना ऐकून जा. दुकान न्हाई म्हंजी न्हाई."

मग त्यांनी चावी मच्छिंद्रसमोर धरली.

त्यानं ती घेतली नाही.

"नियम हाय ना, आक्का," तो म्हणाला. "हिनं सांगितलं म्हनून चावी गेली. आता हिनंच सांगू द्या, म्या प्यालो न्हाई म्हनून."

सगळे छबूबाईकडे वळले. ती पळी खाली ठेवून त्याच्याजवळ आली. अगदी समोर येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

डोळे दारूनं लाल आहेत का, ते ती पाहत होती.